पोलादपूरला नेलेली फाइल

मे महिन्यात महाडला हौसेनं कुणी जात नाही. गाड्या थांबतात त्या चहापुरत्या. मग कुणी खाली समुद्राकडे जातं, कुणी पोलादपूरहून डावीकडे वळून घाट चढतं. मी त्या भागात तीन दिवस राहिले. घरी सांगितलं, काम आहे. काम होतंच, पण ते मी का घेतलं ते सांगितलं नव्हतं. इथे सांगते. मी फार बोलणारी बाई नाही, त्यामुळे जे आहे ते एकदाच लिहून टाकते.

माझा धंदा थोडा चमत्कारिक आहे. इकडे तयार झालेली सॉफ्टवेअरं जपानमध्ये नीट चालावीत हे मी पाहते. भाषांतर दुसरे करतात. ती अक्षरं पडद्यावर अक्षरंच दिसतात की त्यांचा भुगा होतो, हे माझ्याकडे. पंचवीस वर्षं हेच करते आहे.

शुक्रवार, महाड

कारखाना औद्योगिक वसाहतीत आहे, नाव सांगत नाही. रंगासाठी लागणारी एक पूड तिथे बनते आणि ती वाळवायचं यंत्र जपानी आहे. यंत्र धडधाकट, पण चार वर्षांपूर्वी त्याचा संगणक बदलला आणि तेव्हापासून पडद्यावर जपानीऐवजी भलताच कचरा दिसतो. आता जपानहून एक इंजिनिअर व्हिडिओवरून यंत्र तपासणार होता आणि त्याला काही वाचता येईना, म्हणून मला बोलावलं.

यात अवघड काही नसतं. अक्षर संगणकात अक्षर म्हणून राहत नाही, आकडे म्हणून राहतं. कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर, याच्या याद्या वेगवेगळ्या. जपानी आकडे इंग्रजी यादीत शोधले की कचरा निघतो. यादी बदलायची, संगणक बंद करून चालू करायचा. वीस मिनिटं. मी केलं. पडदाभर स्वच्छ जपानी उमटलं. कारखान्याचा तरुण मॅनेजर खूश झाला.

यंत्रावर काम करणारे गणपतमामा मात्र पडद्याकडे बघत उभे राहिले. पंचावन्नच्या आसपासचे, रोज नाते गावाहून मोटरसायकलनं येतात.

"मॅडम, ह्ये काय केलंत?"

"नीट केलं, मामा. आता बरोबर दिसतंय."

"ते दिसतंय. पन माझं कुठं गेलं?"

त्यांनी खिळ्याला टांगलेल्या पिशवीतून शंभर पानी वही काढली. पानापानावर बॉलपेननं तो कचरा जसाच्या तसा चितारलेला. एक वाकडा एफ, मग जी, परत वाकडा एफ, तीन भोपळे आणि शेवटी उघडा चौकोनी कंस. त्याच्यापुढे मराठीत: 'गडबड. वाफ बंद कर.' त्याखाली दुसरी ओळ, पुढे: 'दार उघडं ऱ्हायलं.' तिसरीपुढे: 'हा आला की जेवायला जायाचं नाय.'

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? ह्यो पयला आला तेवा पूड जळाली. मग लिवून ठेवला."

"मामा, ते गार्बेज होतं," मॅनेजर म्हणाला.

"तुला गार्बेज. माझी चार वर्षांत एकदा पूड जळाली, ती बी पयल्याच म्हैन्यात."

मी यादी परत जुनी लावली. पडद्यावर कचरा आला आणि मामा स्टुलावर बसले. मग दुपारभर आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या प्रत्येक चित्रासमोर खरी जपानी ओळ चिकटवली, म्हणजे यादी बदलेल तेव्हा त्यांचं काही हरवायला नको. मगच यादी पुन्हा बदलली. वीस मिनिटांच्या कामाला पाच तास लागले. एका ठिकाणी जपानी ओळ म्हणत होती, 'गाळणी स्वच्छ करा.' मामांच्या वहीत होतं, 'दोन बुक्क्या मार.' दोन्ही चालतात असं मामांनी करून दाखवलं.

संध्याकाळी स्टँडजवळच्या खानावळीत जेवले. पुण्यात मासे मागितले की मेनूकार्ड पुढे करतात. इथे मालकीणबाई आतून ओरडल्या, "बोंबील खाशील का? सुरमई नको घेऊ, कालची हाय." माझ्या लॉजच्या जिन्यात, माझ्या डोक्याच्या वर, भिंतीवर एक पिवळट रेघ होती. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. "दोनदा रंग मारला, परत दिसते," मालक म्हणाले. त्यांनी आता नाद सोडला होता.

खोलीत बसून मी बॅगेतून ती पेन-ड्राइव्ह काढून पाहिली. काढायची गरज नव्हती. ती आहेच हे मला ठाऊक असतं.

बावीस वर्षांपूर्वी, पुण्यात, आमच्या ऑफिसात संतोष नावाचा मुलगा होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. वडील मुंबईत गिरणीत होते, ते लवकर गेले. तो संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकला होता आणि आमच्यात सगळ्यांत नेटका होता. छपाईयंत्राच्या एका जपानी सॉफ्टवेअरचं काम त्याच्याकडे होतं. ते झालं की तो वर्षभरासाठी ओसाकाला जाणार होता. पासपोर्ट झाला होता. वाडीत त्याचा सत्कार झाला, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, त्याचे पेढे आम्ही खाल्ले. त्याच्या वाडीचं नाव मला माहीत होतं ते त्या पेढ्यांमुळे.

आता ती भानगड. जपानी अक्षर त्या जुन्या यादीत दोन तुकड्यांचं असे. काही अक्षरांचा दुसरा तुकडा नेमका उलट्या तिरक्या रेघेचाच आकडा असायचा, आणि ती रेघ म्हणजे हुकूम समजून आमचा प्रोग्रॅम ती गिळून टाकायचा. तुकडा गेला की ते अक्षर मोडलं आणि पुढचंही बिघडलं. अशी अक्षरं थोडीच, पण रोजच्या वापरातली. त्यावर आमच्या धंद्यात एक गावठी उपाय होता: अशा प्रत्येक अक्षरामागे आणखी एक रेघ हातानं घालून ठेवायची. प्रोग्रॅमनं एक गिळली तरी एक उरते. संतोषनं हजारो ओळींच्या फाइलीत या रेघा हातानं घातल्या होत्या.

त्यानं दुपारी फाइल चढवली. चार वाजता मी ती उघडली. माझ्या संगणकावर जपानी दिसत नव्हतं, कचऱ्यात जागोजाग दोन-दोन रेघा तेवढ्या दिसल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका फाइलीत रेघा चुकून दुप्पट झाल्या होत्या. मला वाटलं, इथेही तेच. संतोष दोन टेबलं सोडून बसायचा. मी त्याला विचारलं नाही. एक हुकूम दिला, जिथे दोन रेघा तिथे एक कर, आणि घरी गेले.

जपानला पडदा उघडला तेव्हा 'दर्शवा', 'कार्य', 'सॉफ्टवेअर' असले रोजचे शब्दच मोडलेले. तक्रार आली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, फाइलीला आणखी कुणी हात लावला होता का. मी "नाही" म्हटलं. तोवर मला कळलेलं होतं. माझ्या हुकमानं बदल करण्याआधी फाइलीची एक प्रत आपोआप काढून ठेवली होती, ती मी सकाळीच पाहिली होती. तिच्यात संतोषच्या सगळ्या रेघा जागेवर होत्या.

संतोष म्हणत राहिला, मी घातल्या होत्या. मग म्हणाला, जुनी प्रत चढवली गेली असेल माझ्या हातून. त्यानं स्वतःच नोकरी सोडली. ओसाकाला मी गेले.

ती प्रत मी कधी पुसली नाही. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन-ड्राइव्हवर. बाकी सगळं हरवलं, ती नाही.

शनिवार, सव आणि पोलादपूर

सरळ पोलादपूरची गाडी धरायची सोडून मी सकाळी रिक्षानं सवला गेले. सावित्रीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. मे महिन्यात गरम पाण्यात पाय सोडून बसायला जाणं हा शुद्ध पळपुटेपणा होता, ते मला तेव्हाही कळत होतं. गंधकाचा वास येतो, पाणी पहिल्यांदा सोसत नाही, मग सोसतं. नदी आटून एका कडेला गेली होती.

माझ्याशेजारी तुडील गावची एक म्हातारी गुडघे शेकत बसली होती.

"तुजा काय दुकतंय गो?"

"काही नाही, आजी."

"मंग कशाला उनात आलीस? नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही."

"बोल ना. माज्याकडं येळ हाय. सून तासाभरानं येनार न्यायला."

मी म्हटलं, एकाला भेटायला जायचंय आणि पाय निघत नाहीये. म्हातारीनं माझ्या पाण्यातल्या पायांकडे बघितलं. "हितं ठेवलेस तर कसे निगतील?" असं म्हणून ती स्वतःच्या विनोदावर इतकी हसली की पलीकडच्या दोघी वळून बघायला लागल्या. मी पाय पुसले.

महाडला परतून घाईत लॉज सोडताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीलाच राहिला. ते पोलादपूरला जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

जीप वाडीच्या खाली सोडते. वर अर्धा तास चढ. करवंदं पिकली होती, फणसाचा वास सगळीकडे. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक नाचणीची वावरं, प्रत्येकाला दगडाची ताल, म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत, घातलेली. पुण्याहून येताना डोंगर दिसतात, पण त्यावर माणसाचा हात इतका दिसत नाही. अर्ध्या चढात माझ्या सँडलचा पट्टा तुटला. एक हातात धरून मी लंगडत वर गेले. पाण्याची कळशी घेऊन उतरणाऱ्या बाईला विचारलं, संतोषचं घर कुठलं?

"कंचा संतोष? जपान?"

मला पहिल्यांदा कळलं नाही.

"जपानच ना? तो घरात नाय. वर ताल घालतोय. ढासळलीय ती."

बावीस वर्षं त्याला गावात हेच नाव होतं.

तो ओळखू आला. केस पांढरे, अंग रापलेलं, पण काम करताना जीभ दातांत धरायची सवय तीच. गेल्या पावसात कोसळलेली ताल तो परत रचत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "माधवी?" मग माझ्या हातातल्या सँडलकडे बघून, "आईची चप्पल देतो, थांब."

मी म्हटलं, आधी ऐक. थांबले असते तर बोलले नसते.

"तू जुनी फाइल चढवली नव्हतीस. बरोबरच चढवली होतीस. त्यातल्या रेघा मी काढल्या."

त्याच्या हातात एक दगड होता. तो त्यानं खाली ठेवला नाही.

"कवा?"

"त्याच दिवशी चार वाजता."

"कशाला?"

"दुप्पट झाल्यात असं वाटलं."

"विचारायचं होतंस. मी तिथंच बसायचो."

"हो."

"आणि तुला कळलं कधी?"

"तक्रार आली त्या सकाळी."

त्यानं दगड तालीत बसवला, पायानं दाबून पाहिला, काढला, फिरवून परत बसवला. मागे दगडाची एक छोटी कपची सारली.

"म्हंजे साहेबांनी विचारलं, कुणी हात लावला का, तेव्हा..."

"तेव्हा मला माहीत होतं."

त्यानं पुढचा दगड उचलला. मग माझ्याकडे न बघता सांगू लागला, जणू दुसऱ्याच कुणाचं. "मी अजून गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. बायको हसते. पोरीच्या परीक्षेचा फॉर्म मी भरला नाय, दुसऱ्याकडून भरून घेतला. म्हटलं, ज्याला आपली जुनी फाइल नि नवी फाइल कळत नाय, त्याच्या हातात काय देऊ नये. दगडाचं बरं असतं. चुकला तर लगेच पडतो."

मी माफी मागितली. त्यानं ती ऐकली की नाही, मला सांगता येणार नाही.

"चल," तो म्हणाला. "आईला सांग."

आई ऐंशीच्या घरातल्या, ओटीवर बसून चिंचा फोडत होत्या. मी त्यांना तेच सांगितलं, सोप्या भाषेत. त्यांनी मध्येच हात वर केला.

"म्हंजे माझा पोर खरा व्हता."

"हो."

"मंग ह्ये माला कशाला सांगतेस गो बाय? माला ठाव व्हता. ज्यांना नाय ठाव त्यांना सांग. उद्या गावकी हाय." पुन्हा कोयता चिंचेवर. "सुनबाई, हिला वाढ. चालून आलीय."

तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, कैरीची फोड. आमच्याकडे असं काही सांगणाऱ्या बाईला दार दाखवलं असतं. इथे तिसरी भाकरी नको म्हटलं तरी वाढली. पण माझ्याबरोबर पानावर कुणी बसलं नाही. मी एकटी जेवले. ते सगळे नंतर जेवले.

त्या दिवशी उशिरा संतोषच्या बायकोनं एकच विचारलं, "जपानला थंडी असते का हो, ताई?" मी म्हटलं, असते. तिनं मान हलवली आणि पांघरूण आणून दिलं.

रविवार, वाडी

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी असतात, म्हणून वर्षाची मोठी गावकी, गावाची बैठक, तेव्हाच बसते. सकाळी नऊला देवळाच्या मंडपात. बाप्ये सतरंजीवर, बाया मंडपाबाहेर फणसाखाली. संतोषच्या आई मला घेऊन गेल्या आणि सरळ मंडपाच्या पायरीवर बसल्या. कुणी काही म्हणालं नाही.

आधी टाकीच्या पाण्याचा विषय झाला, मग देवळाच्या पत्र्याचा. एक तास गेला. मग अध्यक्ष भागोजीदादा म्हणाले, "पावनी आलीय. तिला काय बोलायचाय."

रीत अशी की गावकीत कबुली द्यायची तर देवापुढे नारळ ठेवून द्यायची. नारळ संतोषच्या बायकोनं दिला. मी तो ठेवला, वळले, आणि चाळीस-पन्नास माणसांसमोर उभी राहिले. ऑफिसच्या मिटिंगमध्ये मी कधी धड बोलत नाही.

मी सांगितलं. संतोषला जपानला जाता आलं नाही ते त्याच्या चुकीमुळे नाही, माझ्यामुळे. त्याचं काम बरोबर होतं, ते मी बिघडवलं आणि गप्प बसले.

"पन बिघडवलंस काय?" एक म्हातारे म्हणाले. "त्ये कळलं नाय."

मी दोन तुकड्यांचं अक्षर समजावायला गेले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. घाटकोपरला असणारा एक तरुण म्हणाला, "टेक्निकल मिस्टेक हाय ती, नाना." नानांना तेही कळलं नाही.

तेव्हा संतोष बसल्या जागेवरून बोलला, जमिनीकडे बघत. "तालीच्या दगडामागं आपण कपची ठेवतो का नाय? म्होरून बघनाऱ्याला ती कचरा वाटते. हिनं कचरा म्हनून माझ्या सगळ्या कपच्या काडल्यान."

"आरं देवा," नाना म्हणाले. "मंग ताल ऱ्हाईल कशी?"

मंडपात सगळ्यांना एकदम कळलं. मला पंचवीस वर्षांत हे कुणाला इतकं नीट सांगता आलेलं नाही.

"कपच्या काडल्या, ताल पडली, आन हा बोलला माझीच कच्ची व्हती," मागून कुणीतरी जोडून घेतलं.

"आन तू गेलीस तकडं? ह्याच्या जागंवर?" फणसाखालून एका बाईचा आवाज.

"गेले. वर्षभर होते."

"बरा हाय का देस?"

"चांगला आहे."

"आसनारच."

भागोजीदादांनी घसा साफ केला. मी दंडाची वाट बघत होते. खरं तर त्यासाठीच आले होते, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. सकाळी मला संतोषच्या बायकोनं सांगितलं होतं की गावकी दंड लावते, देवाला तेल नाहीतर गावाला एक दिवसाचं काम. मी मनात कबूल करून बसले होते, की टाकीच्या खड्ड्यासाठी माती उपसायला सांगितली तर आठवडाभर राहायचं.

"दंड लावायचा तर माणूस गावचा पायजे," भागोजीदादा म्हणाले. "गावच्यानं दंड भरला की विषय संपतो, दुसऱ्या दिशी त्याच्या घरी पानी प्यायचा. तू गावची नायस. तुला आमी काय लावनार? तुजा नारळ देव घेईल. बाकी तुजा तू बघ."

एवढंच. मग त्यांनी पुजाऱ्याला हाक मारली. "ती शाल हाय का रे पेटीत? ह्यानं परत केल्याली?"

नोकरी सुटल्यावर संतोषनं सत्काराची शाल देवाला परत देऊन टाकली होती, हे मला तेव्हा कळलं. पुजाऱ्यानं ती आणली. कसरीनं खाल्लेली, घडीवर पिवळी पडलेली. भागोजीदादा ती घेऊन उठले तसा संतोष म्हणाला, "नको दादा. माझं आता काय त्याच्यात." दादा घुटमळले. पायरीवरून आई उठल्या, सतरंजीवरून पुरुषांमधून चालत गेल्या, शाल त्यांच्या हातातून घेतली आणि काखेत मारली. "त्याला नको आसंल. माला पायजे." आणि परत येऊन बसल्या. पत्र्याचा विषय अर्धवट राहिला होता, तो परत सुरू झाला.

घरी आल्यावर संतोष म्हणाला, "ती प्रत आणलीस?"

मी लॅपटॉप काढला. बॅटरी निम्म्याच्या खाली होती आणि चार्जर महाडच्या भिंतीत. वाडीत चार्जर कुणाकडे असेल तर बघू म्हटलं, त्यानं नको म्हणून हात हलवला. फाइल उघडली. जपानी अक्षरं नीट दिसली आणि मध्ये मध्ये त्याच्या रेघा.

तो ओटीवर मांडी घालून बसला. बावीस वर्षं त्यानं जपानी वाचलं नव्हतं, तरी ती अक्षरं त्याला ओळखू येत होती, रेघ लागणारी. बोट पडद्याला न लावता ओळीओळीवरून न्यायचा. ओठ हलायचे. मी म्हटलं, शोधायचा हुकूम देते, क्षणात सगळ्या मोजून येतील. त्यानं ऐकलं नाही. मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्याच्या बायकोनं फणसाचे गरे आणून ठेवले, कोकमाचं सरबत आणलं. तो एका हातानं गरे खात वाचत होता, म्हणून मग बायकोनं ताट उचललं, संगणकाला चीक लागेल म्हणून.

दुपार झाली. बॅटरीचा आकडा उतरत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, त्या आकड्याकडे बघत होते. परतीची जीप तीनला होती. ते मी बोलले नाही.

शेवटच्या काही पानांवर तो थांबला. वर गेला, खाली आला. परत तिथेच.

"ही बघ."

मी वाकून पाहिलं. 'नियोजन' या अर्थाचा शब्द होता, त्यातलं पहिलंच अक्षर रेघ मागणारं. मागे रेघ नव्हती.

"ही ऱ्हायलीय," तो म्हणाला. "माझ्याकडनंच."

एवढ्या मोठ्या फाइलीत एक. मी तसं म्हणणार होते. पण त्याचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदा सैल झालेला दिसला. तो उरलेली पानंही तशीच सावकाश, बोट फिरवत, वाचून गेला. संपल्यावर मान वर केली.

"एकच. ही माझी." मग माझ्याकडे सरळ बघून, "बाकीच्या तुझ्या."

"हो," मी म्हटलं.

माझं बोट सवयीनं त्या अक्षरामागे गेलं. एक रेघ घालायची राहिली होती, हातासरशी घालून टाकावी.

संतोषनं माझं मनगट धरलं.

"हात लावू नको," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला.